दुखवटा आणि अनुताप

ख्रिस्ती धर्मातील शोकविचार हा विषय या व्याख्यानमालेत आम्ही घेतला, याचे काही मंडळींना नवल वाटले. आम्ही ख्रिस्ती नव्हे. धर्मशास्त्राची पदवी तर दूरच, शाळाही आमची अर्ध्यावर सुटली. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, दुसऱ्यांच्या पुस्तकांतून. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाला धर्माची आठवण झाली म्हणजे तो थकला, असे समजण्याची चाल आहे. आम्ही थकलेलो नाही. पण तीस वर्षांत शोकसभा मात्र फार पाहिल्या. आणि शोक म्हणजे काय, तो माणसाला कोठे घेऊन जातो, हा प्रश्न मनातून जाईना. त्याचा शोध घेताना वाट बायबलाकडे गेली, आणि तेथून आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या केडगावाकडे वळली. त्या वाटेची हकीकत आपल्यापुढे मांडावयाची आहे.

प्रथम मूळ कल्पना पाहू. येशूच्या डोंगरावरील प्रवचनात धन्य कोण ते सांगितले आहे. त्यात श्रीमंत नाहीत, विद्वान नाहीत. दीन आहेत, नीतीसाठी भुकेले-तान्हेले आहेत, आणि शोक करणारेही आहेत. शोक करणाराचे सांत्वन होईल, एवढेच म्हटले असते तर कोणी चकित झाले नसते. तेवढे कोणताही धर्म सांगतो. परंतु शोक करणारा भाग्यवान, हे म्हणणे वेगळे आहे. खुद्द येशू रडल्याचे दोन ठळक प्रसंग शुभवर्तमानांत आहेत. एकदा मित्र लाजर याच्या थडग्यापाशी, आणि एकदा यरुशलेम शहर दृष्टीस पडले तेव्हा. पहिले रडणे गेलेल्या माणसासाठी, दुसरे वाट चुकलेल्या गावासाठी. आपल्या भाषेत बोलावयाचे तर एक दुखवटा आणि दुसरा अनुताप. अनुताप हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. तो आपल्या संतांचा शब्द आहे, आणि देहूच्या वाण्याने तो घराघरांत पोहोचविला आहे.

या दोहोंतला फरक पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात फोडून सांगितला. त्याने आधी एक कडक पत्र धाडले होते आणि त्याने ती माणसे दुखावली होती. तो म्हणतो, तुम्ही दुखावलात याचे मला वाईट वाटत नाही, कारण त्या दुःखाने तुम्ही बदललात. देवाकडे पाहून केलेले दुःख माणसाला वळविते. जगाकडे पाहून केलेले दुःख माणसाला मारते. याचे उदाहरण ख्रिस्ती परंपरेत नेहमी दिले जाते ते पेत्र आणि यहूदा यांचे. पेत्राने भीतीपोटी आपल्या गुरूला तीनदा नाकारले, कोंबडा आरवला, आणि तो बाहेर जाऊन ढसढसा रडला. पुढे तोच मंडळीचा आधारस्तंभ झाला. यहूदालाही दुःख झाले होते. त्याने तीस नाणी परत नेऊन दिली, ही गोष्ट लोक विसरतात. परंतु ज्या याजकांपाशी तो गेला त्यांनी हात झटकले. आम्हाला त्याचे काय, तुझे तू पाहा, अशा अर्थाचे उत्तर दिले. तो जाऊन गळफास घेऊन मेला. आम्हाला यात पौलाच्या सिद्धांताइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शोक घेऊन माणूस कोणाच्या तरी दाराशी जातो. ते दार उघडते की बंद राहते, यावर पुष्कळ काही ठरते.

आणखी दोन गोष्टी सांगून पुढे जाऊ, कारण त्या आमच्या धंद्याच्या आहेत. दावीद राजाने आपल्या एका शिपायाची बायको घेतली आणि त्या शिपायाला, उरीयाला, लढाईत पुढे घालून मारविले. नाथान नावाच्या संदेष्ट्याने दरबारात राजाला एक गोष्ट सांगितली: शेकडो मेंढरे असलेल्या धनिकाने गरिबाची एकुलती एक मेंढी पाहुण्यासाठी कापली. राजा संतापला, असल्या माणसाला जगण्याचा अधिकार नाही म्हणाला. नाथान म्हणाला, तो माणूस तूच. राजाने गुन्हा कबूल केला. दुसरी गोष्ट जक्कय नावाच्या जकातदाराची. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यावयाचे ठरविले आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे कबूल केले. जक्कय रडला असे कोठेही लिहिलेले नाही. तरी अनुतापाचे याहून पक्के उदाहरण आम्हाला आढळले नाही.

आता आमच्या शोकसभांविषयी. एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, प्रेस मशीनवर एक कंत्राटी हेल्पर गेला. यंत्राचा गार्ड काढून ठेवलेला होता, कारण गार्ड असला की नग कमी निघतात. दुसऱ्या दिवशी साहेब आले, फोटोला हार घातला, दोन मिनिटे सगळे उभे राहिले, भरपाईचा आकडा ठरला. आम्हीही काळ्या फिती लावल्या होत्या. साहेबांचे डोळे खरोखरच ओले झाले होते. त्यात ढोंग होते असे आम्ही म्हणणार नाही. पण दुसऱ्या शिफ्टला मशीन चालू झाले तेव्हा गार्ड भिंतीलाच टेकून उभा होता. पौलाने ज्याला जगाचे दुःख म्हटले ते हेच असावे, असे आम्हाला पुढे ते पत्र वाचताना वाटले. अश्रू खरे, आणि तरी काहीच हलत नाही. आपल्या तालुक्यात पिरंगुटपासून घोटावड्यापर्यंत कारखाने उभे आहेत. ७ जून २०२१ रोजी उरवड्याच्या आगीत सतरा कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका होत्या. तेव्हा हा प्रश्न केवळ पोथीतला आहे असे येथे बसलेल्या कोणाला वाटू नये.

या विचाराचा युरोपातला इतिहास मोठा आहे, पण त्यात फार वेळ घालविण्याचे कारण नाही. मिसरच्या वाळवंटात राहणाऱ्या आरंभीच्या तपस्व्यांनी अश्रूंना देवाची देणगी मानले. मध्ययुगात प्रायश्चित्ताची व्यवस्था बांधली गेली, आणि पुढे ती इतकी बाजारी झाली की पैसे देऊन क्षमापत्र मिळू लागले. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने जी पंच्याण्णव विधाने मांडली त्यांतले पहिलेच विधान पश्चात्तापाविषयी होते: तो एकदाच उरकण्याचा विधी नसून जन्मभराचा आहे, असा त्याचा आशय. पैसे घेऊन शोकाची पावती देणारा आणि ती घेणारा, दोघेही फसलेले असतात, हे त्याने ओळखले.

आपल्या भाषेत हा विचार आला तो गोव्यातून. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला, साष्टीत राहिला, मराठी शिकला, आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ, आणि ओवी आपलीच, ज्ञानोबांच्या वाटेची. त्यानंतर १६२९ साली एतिएन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाचे पेत्राच्या चरित्रावरचे मराठी पुराण गोव्यातच छापले गेले. म्हणजे पेत्राचे ते रडणे मराठीत येऊन आज चारशे वर्षे होत आली. पण याच गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, इन्क्विझिशनचे न्यायालय होते. त्यात दोषी ठरलेल्यांना अनुतापाचा अंगरखा घालून रस्त्यातून मिरवीत नेले जाई. ज्या भाषेत एक पाद्री अनुतापाच्या ओव्या रचीत होता, ती भाषा बोलणाऱ्यांकडून दुसरे पाद्री बळजबरीने अनुताप करवून घेत होते. सत्तेने करविलेला शोक हा शोक नव्हे, ती शिक्षा आहे; आणि धर्माच्या नावाने दिल्यामुळे ती शिक्षा काही सौम्य होत नाही. हे ख्रिस्ती सत्तेबद्दल आम्ही म्हणतो, तेव्हा आपल्याकडे वळूनही तेच म्हणणे भाग आहे.

कारण आपल्याकडेही एका वर्गावर शोकाची शिक्षा होती. सर्वसाधारण घरातले सुतक दहा दिवसांचे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, तेराव्याला गोड झाले, की माणूस कामाला लागतो. ही व्यवस्था शहाणी आहे. तिला शेवट आहे. आपल्या मावळातल्या कुणबी घरांत विधवेचा पाटही लागत असे. पण वरच्या जातींतल्या विधवेच्या दुखवट्याला शेवट नव्हता. नऊ-दहा वर्षांची पोर, नवऱ्याचे तोंड धड न पाहिलेली. तिचे केशवपन करून तिला लाल आलवण नेसवीत, एकवेळ जेवण, आणि कोपरा. तिने शोक करावयाचा तो नवऱ्याचा नव्हे, स्वतःच्या पापाचा; कारण नवरा मेला तो हिच्याच पूर्वजन्मीच्या पापाने, असे तिला शिकविले जाई. जे पाप तिला आठवत नाही, जे तिने केल्याचे कोणी पाहिले नाही, त्याची क्षमाही नाही. महात्मा फुले यांनी १८६३ साली पुण्यात अशा विधवांसाठी बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिक बांधवांना संघटित केले, आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा त्यांनी निर्धार केला. लोखंडे म्हणजे आमच्या चळवळीचे आद्य पुरुष. गिरणी कामगारांना रविवारची सुटी त्याच वर्षी मिळाली ती त्यांच्या खटपटीने. सुटीचे श्रेय त्यांना सगळे देतात. वस्तऱ्याच्या संपाची आठवण मात्र आमचे युनियनवालेही फारशी काढीत नाहीत. कोणाचा पगार वाढवून मागण्यासाठी नव्हे, तर परक्या जातीच्या बायकांवरचा सक्तीचा शोक मोडण्यासाठी कामगारांनी आपल्या रोजीवर पाणी सोडावयाचे, याला जगाच्या कामगार इतिहासात जोड शोधावी लागेल.

या पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचावयास हवे. जन्म २३ एप्रिल १८५८, गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविले म्हणून लोकांचा रोष पत्करलेले. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडे. मद्रास इलाख्यातल्या उपासमारीच्या वर्षांत वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. आईची तिरडी उचलावयास माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ, चौथी रमाबाई. उंची कमी म्हणून तिरडीचे आपले टोक त्यांनी खांद्याऐवजी डोक्यावर घेतले, आणि तशा त्या स्मशानापर्यंत चालल्या. पुढे भावाबरोबर हजारो मैल पायी. १८७८ साली कलकत्त्यास ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ च्या आरंभी पटकीने तेही गेले. तेविसाव्या वर्षी पदरी मनोरमा ही लहान मुलगी, बाकी कोणी नाही. शोक कशाला म्हणतात हे या बाईंना कोणाकडून शिकावयाचे राहिले नव्हते.

त्याच साली त्या पुण्यास आल्या. १८८३ साली इंग्लंडला गेल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला; फुल्यांनी मात्र १८८५ च्या ‘सत्सारा’त त्यांची बाजू घेतली. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले. तेथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, त्यांनी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याच वर्षी, सदन पुण्यास आलेले असताना, मुलींना ख्रिस्ती केले जाते या आरोपावरून वादळ उठले आणि रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले. तो वाद आज उकरण्याचे कारण नाही. एवढे खरे की, बाई स्वतःच पुढे लिहितात त्याप्रमाणे, त्यांना धर्म आधी सापडला होता आणि ख्रिस्त नंतर सापडला. बाप्तिस्मा घेतल्यावर पुष्कळ वर्षांनी त्यांना आपला धर्म आतून उमगला. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या हे कसलाही आडपडदा न ठेवता सांगतात.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून उपाशी माणसांच्या बातम्या येऊ लागल्या. बाईंना वीस वर्षांपूर्वीचे आपले आईबाप आठवले. ज्यांना एका दुष्काळाने पोरके केले होते, त्या स्वतः उठून दुसऱ्या दुष्काळात गेल्या आणि मुली व बायका घेऊन आल्या. शे-दीडशे नव्हे, तीनशे आणावयाच्या, असा त्यांनी संकल्प केला. जवळ पैसा नव्हता. पुण्यात प्लेग होता, शहरात एवढ्या मुली ठेवू देईनात. तेव्हा पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगावला घेतलेल्या शेतावर तंबू ठोकले, आणि तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथे दीड हजाराहून अधिक माणसे होती. शेत, गुरे, तेलाचा घाणा, माग, छापखाना, शाळा. सगळे बायका चालवीत. आंधळ्यांना वाचावयास शिकवीत. बळी पडलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघाले. ज्याला आम्ही वर उघडलेले दार म्हटले ते असे असते. त्यासाठी जमीन लागते, धान्य लागते, संडास लागतात, रात्रीची राखण लागते.

प्लेगच्या दिवसांतली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या इस्पितळात नेलेल्या आपल्या एका मुलीची वाताहत झाली, तेव्हा बाईंनी रडत बसण्याऐवजी ‘बाँबे गार्डियन’ पत्राला पत्र लिहिले आणि तेथे स्त्रियांचे काय होते ते सरकारला जाहीरपणे विचारले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी इन्कार केला; प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. ख्रिस्ती सरकार आणि ख्रिस्ती बाई, पण बाईंनी सरकारची भीड धरली नाही. नाथानाची गोष्ट ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे पत्र कोणत्या जातीचे ते लगेच कळेल. योगायोग असा की त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत प्लेगग्रस्तांची सेवा करता करता लोखंडे वारले.

आता १९०५. वेल्समध्ये १९०४ साली धार्मिक जागृतीची एक लाट उठली होती, आणि ती मुख्यतः कोळशाच्या खाणकामगारांत पसरली. तेथल्या कामगारांनी शिव्या देणे सोडले तेव्हा खाणीतल्या तट्टांना त्यांचे हुकूम कळेनात, असे गमतीने सांगतात. (आमच्या काही सभासदांच्या मशीनवर हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.) ती लाट खासी टेकड्यांत पोहोचली आणि तिच्या बातम्या केडगावला आल्या. जानेवारी १९०५ मध्ये बाईंनी रोज प्रार्थनेला येऊ इच्छिणाऱ्या मुलींना बोलाविले. सुरुवातीला सत्तरएक आल्या. जूनपर्यंत त्या पाचशेवर गेल्या. २९ जूनच्या रात्री एका वसतिगृहात रडणे सुरू झाले. ३० जूनला बाई नेहमीप्रमाणे शांतपणे योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. मुली मोठमोठ्याने रडू आणि प्रार्थना करू लागल्या, तेव्हा त्यांना बोलणे थांबवावे लागले. शाळा, घाणा, माग सगळे थांबले. मुली आपापले दोष कबूल करीत होत्या, एकमेकींची क्षमा मागत होत्या. मिनी अब्राम्स या अमेरिकन बाई तेव्हा तेथे काम करीत होत्या. त्यांनी याचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. काही मिशनरींना हा गोंधळ मुळीच रुचला नाही. बाईंनी त्यांना उत्तर दिले त्याचा भावार्थ असा की, पश्चिमेची सभ्य रीत हिंदी ख्रिश्चनांवर लादू नका. आमची माणसे रडतील तर आमच्या रीतीने रडतील.

हा प्रसंग आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा आमचे मन त्याच्या विरुद्ध गेले, आणि ते का गेले ते सांगणे जरूर आहे. या मुली कोण? दुष्काळात आईबाप गमावलेल्या, विकल्या गेलेल्या, टाकलेल्या. पाप झाले होते ते त्यांच्यावर झाले होते. धान्याचे भाव चढविणाऱ्या व्यापाऱ्याने रडावे, सारा न सोडणाऱ्या सरकारने रडावे, पोर पळविणाऱ्याने रडावे. ज्यांचे सर्वस्व गेले त्या पोरींनी पापी म्हणून जमिनीवर लोळण का घ्यावी? विधवेला आलवण नेसवून जे शिकविले जात होते, तेच हे दुसऱ्या देवाच्या नावाने नव्हे काय? धर्म हा दडपलेल्यांचा उसासा आहे आणि गुंगीचे औषधही आहे, हे मार्क्सचे म्हणणे आमच्या पिढीने पाठ केलेले. आम्हाला येथे औषधच दिसले.

पण तो अध्याय उघडून पाहिल्यावर हा आक्षेप जसाच्या तसा ठेवता येत नाही. योहानाच्या आठव्या अध्यायाचा आरंभच मुळी अशा एका बाईच्या गोष्टीने होतो, जिला धरून आणून लोक दगडांनी मारावयास उभे आहेत. निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा, असे येशू म्हणतो. एकेक करून सगळे निघून जातात. मग तो तिला दोषी ठरवीत नाही, आणि पुन्हा असे करू नको म्हणून सोडून देतो. आता विधवेचे पाप आणि या मुलींचे पाप शेजारी ठेवून पाहा. विधवेवर पाप दुसऱ्यांनी लादलेले, ते मागच्या जन्मीचे, तिला अज्ञात, आणि त्याची शिक्षा मरेपर्यंत. केडगावची मुलगी सांगते ते पाप या जन्मीचे, तिला ठाऊक असलेले, तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलेले. आणि सांगितल्यावर ते संपते. मैत्रिणीची क्षमा मागून ती दुसऱ्या दिवशी मागावर बसते. जिच्या बाबतीत आजवर सगळे घडतच आले, जिने स्वतः काही केले असे कोणी मानलेच नव्हते, ती पहिल्यांदा म्हणते की हे मी केले. हे म्हणता येण्यासाठी आधी ‘मी’ असावा लागतो. दीनदुबळी, दुष्काळग्रस्त, पतिता अशा नावांनी पुकारलेल्या बाईला बऱ्यावाईटाची जबाबदारी देणे हा तिचा अपमान नसून गौरव असू शकतो. युनियनमध्येही आम्ही हेच शिकलो. ज्या कामगाराला आम्ही केवळ शोषित म्हणून वागवितो तो वर्गणी देऊन घरी बसतो. ज्याला जबाबदारी देतो तो उभा राहतो.

तरीही आक्षेपाचा एक तुकडा शिल्लक राहतोच, आणि तो मुळशीच्या माणसाने विसरू नये. आपल्या पेट्यात टाटांच्या कंपनीने विजेसाठी धरण घातले, तेव्हा बावन्न गावांवर आणि अकरा हजारांच्या आसपास माणसांवर गदा आली. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि आपले मावळे त्यात होते. १९२४ च्या डिसेंबरात सेनापतींनी कंपनीची गाडी अडविली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. भाताची खाचरे पाण्याखाली गेली ती गेलीच. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या आणि त्याच मुंबईत आपल्या मावळ-मुळशीतली माणसे डबे वाहावयास आणि हमाली करावयास गेली. आपल्या बायकांनी हे दुःख जात्यावर घातले. हेमा राइरकर आणि फ्रान्समधून येऊन येथलेच झालेले गी पॉइटवँ यांनी ‘गरीब डोंगरी संघटने’च्या बायकांसह याच डोंगरांतून ओव्या गोळा करावयास सुरुवात केली, आणि पुढे महाराष्ट्रभर मिळून त्या लाखाच्या वर गेल्या. त्यांतल्या कितीतरी सीतेच्या वनवासाच्या आहेत. जात्याला दोघी बसतात. एकीने गावे, दुसरीने ऐकावे. शोकाला दार उघडे ठेवण्याची ही आपली रीत. पण या ओव्यांत सीता रडते. रामाचा अनुताप कोणी गात नाही. धरणाचेही तसेच झाले. दुखवटा डोंगरातल्यांनी धरला. नाथान दरबारापर्यंत गेला, राजाने त्याला तुरुंगात टाकले. ख्रिस्ती शास्त्राने अनुतापाचा पहिला मान दावीदाला आणि जक्कयाला, म्हणजे ज्यांच्या हाती सत्ता आणि पैसा होता त्यांना, दिला आहे. ज्या चर्चने किंवा देवळाने तो मान फक्त गरिबाच्या गळ्यात घातला, त्याने स्वतःचीच पोथी नीट वाचली नाही.

रमाबाईंनी पोथी नीट वाचली होती, आणि इतरांना वाचता यावी म्हणून शेवटची वर्षे त्यात घातली. उपलब्ध मराठी बायबलाची भाषा शिकलेल्यांची. केडगावच्या कुणबी-महार बायकांना ती पेलत नसे. म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून सोप्या मराठीत सगळे बायबल नव्याने लिहू लागल्या. स्वतः संस्कृत पंडित असून संस्कृत शब्द त्यांनी वेचून बाहेर काढले. हे काम चालू असतानाच, २४ जुलै १९२१ रोजी, मनोरमा वारली. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता एकुलती एक मुलगी, जिच्या हाती सगळे सोपवावयाचे ते ठरलेले होते. मुळशीत सत्याग्रह सुरू होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. बाईंचे कान बहुतेक गेले होते, प्रकृती ढासळली होती. त्या प्रुफे तपासीत राहिल्या. ती तपासून होईपर्यंत मरण थांबावे अशी त्यांनी प्रार्थना केली होती, असे केडगावला सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मुक्ती सदनाच्या मुलींनी खिळे जुळविले, यंत्र चालविले, फर्मे शिवले. आणि दोन वर्षांनी, १९२४ साली, तो ग्रंथ केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला.